फॉरेनची प्लेसमेंट म्हणजे नोकरी नव्हे : फिजिओच्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी

मागच्या महिन्यात सेलूला ताईकडं गेले होते, तर शेजारच्या काकू पेढे मागायला दारात हजर. का, तर ताईनं फोनवर कुणाला तरी सांगितलं की पोरीला इंग्लंडात प्लेसमेंट मिळायलीय, आणि ते भिंतीपलीकडं ऐकू गेलं. काकूंचा मुलगा इंजिनिअरिंगला. त्यांच्या हिशोबानं प्लेसमेंट म्हणजे कंपनी कॉलेजात येते, इंटरव्ह्यू होतो, पॅकेज ठरतं. "कितीचं पॅकेज?" असं त्यांनी विचारलं तेव्हा ताईचं तोंड बघण्यासारखं झालं, कारण पॅकेज मिळायचं तर सोडाच, एजंटानं उलट ताईलाच पॅकेज सांगितलं होतं. चार आठवडे, राहणं, विमानतळावरून आणणं, सर्टिफिकेट, वगैरे वगैरे.

भाची बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या डिग्रीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे, संभाजीनगरला. मी स्वतः फिजिओ, परभणीत छोटा दवाखाना आहे, आणि मधली दोन वर्षं मी इंग्लंडात एमएससी केली त्यात बऱ्याच प्लेसमेंटा केल्या, म्हणून घरातले सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या दिवशी चहावर जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितेय, कारण भाचीच्या बॅचमधल्या आणखी चारपाच पोरी हेच विचारायलेत, आणि प्रत्येकीला वेगळं व्हॉइस नोट पाठवायचा मला कंटाळा आलाय.

तर आधी शब्दाचा घोळ मिटवू. आरोग्याच्या क्षेत्रात क्लिनिकल प्लेसमेंट म्हणजे शिकता शिकता खऱ्या पेशंटवर, खऱ्या दवाखान्यात, कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करणं. आपण त्याला पोस्टिंग म्हणतो. न्यूरोची पोस्टिंग, ऑर्थोची पोस्टिंग, घाटीत म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात पोस्टिंग, ते सगळं प्लेसमेंटच. ब्रिटनमध्ये तर फिजिओची डिग्री मिळायची असेल तर किमान १००० तास असं काम झालेलं लागतं, आणि तिकडं आठवडा ३७.५ तासांचा धरला तर ते जवळपास २७ आठवडे होतात. पगार नाही. स्टाफमध्ये मोजत नाहीत. तुम्ही आजारी पडलात तर वॉर्ड अडत नाही, फक्त तुमचे तास भरायचे राहतात. आपल्याकडं इंटर्न सुट्टीवर गेला की ओपीडीत बोंब होते, तिकडं तसं नाही, आणि हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता ओव्हरसीज प्लेसमेंट म्हणजे ह्याच पोस्टिंगचा एक तुकडा दुसऱ्या देशात करणं. ऐकायला सोपं. पण ह्या एका नावाखाली तीनचार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि गोंधळ तिथंच होतो.

हे मी गाडीच्या लायसनवरून समजावते. शिकाऊ लायसन असलं की तुम्ही गाडी चालवू शकता, पण पुढं मागं एलचा बोर्ड लागतो आणि शेजारी पक्कं लायसनवाला माणूस बसलेला पाहिजे. काही झालं तर त्याचीही मान अडकते. खरी क्लिनिकल प्लेसमेंट ही अशी. शेजारी बसलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये प्रॅक्टिस एज्युकेटर म्हणतात, तो सहसा एचसीपीसीकडं, म्हणजे तिथल्या नोंदणी संस्थेकडं, रजिस्टर्ड फिजिओ असतो. तिकडं फिजिओथेरपिस्ट हे नुसतं नाव लावायलासुद्धा कायद्यानं रजिस्ट्रेशन लागतं. पेशंटला तुमचा हात लागतो पण जबाबदारी त्याच्या रजिस्ट्रेशनवर असते, म्हणून तो तुम्हाला मोकळं सोडत नाही. तुमच्या युनिव्हर्सिटीचा आणि त्या हॉस्पिटलचा लेखी करार असतो, तुमचा विमा असतो, आणि तुम्ही काय शिकायचं हे आधी कागदावर ठरलेलं असतं.

ऑब्झर्व्हरशिप म्हणजे मागच्या सीटवर बसणं. खिडकीतून सगळं दिसतं, स्टेअरिंगला हात नाही. पेशंटला हात लावायचा नाही, फाईलमध्ये लिहायचं नाही, बऱ्याच ठिकाणी पेशंटच्या परवानगीशिवाय खोलीतही थांबायचं नाही. ऑब्झर्व्हरशिप वाईट असते असं अजिबात नाही, चांगल्या सेंटरला दोन आठवडे नुसतं उभं राहूनही माणूस शिकतो. पण ती ऑब्झर्व्हरशिप आहे हे माहीत असून गेलं पाहिजे आणि तेवढेच पैसे दिले पाहिजेत. मागच्या सीटचं भाडं ड्रायव्हिंग क्लासच्या फीइतकं कसं असेल?

इलेक्टिव्ह म्हणजे तुमच्याच डिग्रीतला एक भाग, जिथं जायचं ते तुम्ही निवडता आणि तुमचं कॉलेज मान्यता देतं. एक्स्चेंज म्हणजे दोन युनिव्हर्सिटींचा आपसातला करार, त्यांची पोरं इकडं, आपली तिकडं. ह्या दोन्हीत हात लावायला मिळायची शक्यता असते, पण देश आणि हॉस्पिटल बघून. आणि चौथा प्रकार मी केला तो, म्हणजे तिकडच्या डिग्रीलाच ॲडमिशन घ्यायचं आणि त्यातल्या प्लेसमेंटा करायच्या. त्यात हात सगळ्यात जास्त लागतो. पण तो चार आठवड्यांचा मामला नाही, तो कर्जाचा मामला आहे, त्याच्यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल.

एजंट मंडळी ऑब्झर्व्हरशिपला खऱ्या क्लिनिकल प्लेसमेंटचं नाव देऊन विकतात. माझ्या एका ज्युनिअरचं असंच झालं. घरच्यांनी ठिबकसाठी बाजूला ठेवलेले पैसे मोडून दिले, पोरगं गेलं, तर एका खासगी क्लिनिकच्या कोपऱ्यात चार आठवडे उभं. बसायला स्टूलसुद्धा तिसऱ्या दिवशी मिळालं म्हणे. शेवटी सोनेरी शिक्का मारलेलं सर्टिफिकेट. त्याच्यावर क्लिनिकल ट्रेनिंग असं लिहिलेलं, पण किती तास, कुठल्या प्रकारचे पेशंट, सुपरवायझरचा रजिस्ट्रेशन नंबर काय, काही नाही. त्या कागदाचं मोल फ्रेम करण्यापुरतं. आणि इंटर्नशिपमध्ये ते दिवस कॉलेजनं धरले नाहीत ते वेगळंच, कारण जाताना कुणाची लेखी परवानगीच घेतली नव्हती. महिनाभर इंटर्नशिप लांबली.

म्हणून भाचीला मी सांगितलं, पैसे भरायच्या आधी दोनच प्रश्न विचार, ईमेलवर, फोनवर नाही. मला पेशंटला हात लावायला मिळेल का? आणि माझ्यावर देखरेख ठेवणाऱ्या माणसाचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर काय? एचसीपीसीचं रजिस्टर ऑनलाइन आहे, फुकट आहे, नाव टाकलं की दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या आप्रा ह्या नोंदणी संस्थेचंही तसंच. ज्या एजंटाला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही त्याला पहिल्याचं उत्तर माहीत असायचा प्रश्नच येत नाही.

व्हिसाचंही इथंच सांगून टाकते. "टुरिस्ट व्हिसावर जा, कोण विचारतंय" असं कुणी म्हणलं की तिथूनच उठायचं. बहुतेक देशांत व्हिजिटर म्हणून आलेल्या विद्यार्थ्याला दवाखान्यात काय करता येतं ह्याचे लिहिलेले नियम असतात, आणि बऱ्याच ठिकाणी फक्त बघायचीच परवानगी असते. एकदा नियम मोडल्याचा शिक्का बसला की पुढं मास्टर्सला अर्ज करताना तो डोक्यावर येऊन बसतो.

आणि हो, काकूंसाठी : प्लेसमेंट केली म्हणून तिकडं नोकरी लागत नाही, रजिस्ट्रेशनही मिळत नाही. ते रस्ते वेगळे आहेत. अमेरिकेला आधी आपल्या डिग्रीची तुलना करून घ्यावी लागते मग एनपीटीई नावाची परीक्षा, ऑस्ट्रेलियाला त्यांच्या कौन्सिलची लेखी आणि नंतर पेशंटवरची परीक्षा, ब्रिटनला एचसीपीसीकडं अर्ज, त्यात इंग्रजी सिद्ध करायला आयईएल्टीएसला ७ आणि कुठल्याही भागात ६.५ च्या खाली नाही. दुबईला परत वेगळं. चार आठवड्यांची प्लेसमेंट ह्या सगळ्यात फारतर सीव्हीवर एक ओळ आहे.

मग जायचं कशाला? हा ताईचा प्रश्न, आणि प्रश्न बरोबर आहे.

माझं सांगते. पहिल्या प्लेसमेंटला मी गेले तेव्हा मनात थोडा माज होता. आपण इंटर्नशिपला दिवसाला वीसवीस पेशंट काढलेले, लकव्याचे, गुडघ्याचे, फ्रॅक्चरचं प्लास्टर काढून आलेले, हाताला सवय झालेली. तिकडच्या माझ्याबरोबरच्या पोरींनी तेवढे पेशंट बघितलेलेही नव्हते. आणि खरंच, हाताच्या बाबतीत मराठवाड्यातलं पोरगं कुठंही कमी पडत नाही, हे मी आजही म्हणेन.

पहिला पेशंट मिळाला कंबरदुखीचा. मी इकडंतिकडं बघायला लागले, आयएफटीचं, म्हणजे दुखण्यावर करंट द्यायचं, मशिन कुठंय? अल्ट्रासाउंड (सोनोग्राफीचं नव्हे, उपचाराचं) कुठंय? आपल्याकडं तर पेशंट आत आल्या आल्या विचारतो, "करंट देता का?" करंट नाही दिला तर त्याला वाटतं फी फुकट गेली. माझी एज्युकेटर म्हणाली मशिन आहे, कपाटात आहे, वर बघ धूळ बसलीय. त्यांच्याकडं नाइस म्हणून सरकारी संस्था आहे, ती कुठला उपचार द्यावा कुठला देऊ नये ह्याच्या गाइडलाइन काढते, आणि कंबरदुखीच्या २०१६ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय की अल्ट्रासाउंड, आणि टेन्स, इंटरफेरेन्शियल (म्हणजे आयएफटी) हे करंट देऊ नका. देऊ नका! मी चार वर्षं ज्याच्या व्हायव्हाला घोकंपट्टी केली, पॅड कुठं लावायचे, फ्रिक्वेन्सी किती, ते सगळं एका ओळीत गेलं. त्याच्या जागी काय? व्यायाम, आणि पेशंटशी बोलणं. चाळीस मिनिटांतली पंधरावीस मिनिटं नुसतं बोलणं.

आणि दर पेशंटनंतर एक प्रश्न : का? हा व्यायाम का दिला? दहाच वेळा का? आज का, परवा का नाही? गुडघा दुखतोय तर तू कुल्हा का तपासला नाहीस? पहिले पंधरा दिवस मी रूमवर जाऊन रडायचे. वीस पेशंटांऐवजी दिवसाला चारपाच, पण प्रत्येकाच्या मागं हा का. आपल्याकडं व्हायव्हात व्याख्या विचारतात, ओपीडीत "पुढचा पेशंट घे" म्हणतात, का कुणी विचारत नाही कारण विचारायला वेळच नसतो, बाहेर बाकडं भरलेलं असतंय. तुम्ही जे पैसे मोजता ते ह्या का साठी मोजता. ज्या प्लेसमेंटमध्ये हा विचारणारा माणूस नाही तिथं बिल्डिंग कितीही चकाचक असली तरी त्यापेक्षा आपली घाटी बरी.

मार्कसुद्धा ह्यावरच. ऑस्ट्रेलियात एपीपी म्हणून एक फॉर्म चालतो, २० मुद्दे, प्रत्येकाला ० ते ४. त्यात पेशंटशी बोलणं, परवानगी घेणं, नोंद लिहिणं, स्वतःची चूक ओळखणं हे सगळं येतं, नुसती टेक्निक नाही. २ म्हणजे पुरेसं, पास होण्याइतकं. आपल्या पोरांना २ बघून धक्का बसतो, आपल्याला सवय शंभरपैकी मार्कांची. अर्ध्यावर एक मिडवे असेसमेंट असतं, तिथं तोंडावर सांगतात काय चुकतंय, आणि मग उरलेल्या दिवसांत ते सुधारायचं. मनाला लावून घ्यायचं नाही. मी घेतलं होतं.

आता परवानगीचा किस्सा. स्ट्रोकच्या वॉर्डात एक म्हातारे होते, डावी बाजू गेलेली. सकाळी मी गेले आणि सवयीनं, आपल्याकडं जसं "चला आजोबा उठा" म्हणत खांद्याखाली हात घालतो, तसा हात घालायला पुढं झाले. एज्युकेटरनं मागून थांब म्हणलं. आधी विचार. मी विचारलं. आजोबा म्हणाले, आज नको. मी एज्युकेटरकडं बघितलं, आता काय? ती आजोबांना म्हणाली ठीक आहे, दुपारी येऊ का? आणि आम्ही चक्क बाहेर आलो. मी फाईलमध्ये लिहिलं, पेशंटनं रिफ्यूज केलं. तिनं ते खोडून डिक्लाइन लिहायला लावलं. म्हणाली रिफ्यूज लिहिलं की वाटतं माणूस हट्टी आहे, त्यानं फक्त नको म्हणलंय, तो त्याचा हक्क आहे. एवढ्या एका शब्दावर दहा मिनिटं बोलली ती. मला तेव्हा वाटलं काय हा शब्दांचा खेळ. आज परभणीत माझ्या दवाखान्यात सून सासूला ओढत आणते आणि म्हणते "म्हातारी ऐकतच नाही मॅडम", तेव्हा मी आधी म्हातारीला विचारते काय झालं. बहुतेक वेळा काहीतरी कारण असतंय. एकीला नुसतं मांडी उघडी टाकायची लाज वाटत होती.

उचलण्याचंही तसंच. तिकडं पेशंटला कुणी हातानं उचलत नाही. हॉइस्ट म्हणून एक यंत्र असतं, झोळीसारखा पट्टा पेशंटच्या खालून सरकवायचा, हुक अडकवायचे, बटण दाबायचं, दोन माणसं लागतात, आणि हे करायच्या आधी मॅन्युअल हँडलिंगचं ट्रेनिंग झालेलं लागतं, नाहीतर वॉर्डात पाय ठेवू देत नाहीत. आपल्याकडं पुतण्या येतो, एका हातात मोबाइल तसाच, आणि चुलत्याला पोत्यासारखं उचलून खुर्चीत ठेवतो. मला दोन्हीचं हसू येतं. पण आपल्याकडं पन्नाशीच्या नर्सबाईंच्या कंबरा बघितल्या की कुणाचं बरोबर ते कळतं.

भाषेचं लोक हलक्यात घेतात. आयईएल्टीएसला ७.५ होते मला. वॉर्डात एक आजोबा म्हणाले, आय नीड टू स्पेंड अ पेनी. मला वाटलं ह्यांना खालच्या दुकानात काहीतरी घ्यायचंय, मी हसून म्हणलं नंतर जाऊ. ते परत म्हणाले, जरा घाईत. मी परत नंतर म्हणलं. मग चादर बदलावी लागली. स्पेंड अ पेनी म्हणजे लघवीला जाणं, जुन्या माणसांचा शब्द आहे, पूर्वी तिकडं सार्वजनिक संडासाच्या दाराला एक पेनी टाकावी लागायची त्यावरून. हे कुठल्याच कोचिंग क्लासमध्ये शिकवत नाहीत.

आणि हेच उलट बाजूनं बघा. बाहेरची पोरंही इकडं येतात की. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतले आरोग्याचे विद्यार्थी भारतात, नेपाळमध्ये, आफ्रिकेत प्लेसमेंटला जातात, खरंतर ओव्हरसीज प्लेसमेंटचा मोठा धंदा ह्याच दिशेनं चालतो. आपल्या बीडच्या हद्दीला लागून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० मध्ये सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे, गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका करायचा, त्यासाठी दोघांना १९७९ चं मॅगसेसे मिळालं. तिथं जगभरातली माणसं शिकायला येतात. जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पाय, तोही तिथं बसवून देतात. म्हणजे आपण शिकायला लंडनकडं बघायचं आणि तिकडचे जामखेडला यायलेत, गंमतच आहे.

आता अशा एखाद्या गोऱ्या पोरीसमोर आपली बाई येऊन म्हणाली, "उसण भरलीय, श्वास घेतला की चमक निघते, आणि पायाला मुंग्या यायलेत", तर दुभाषानं काय सांगावं? मुंग्या म्हणजे ॲन्ट्स सांगितलं तर ती पोरगी पाय बघेल. कळ, ठणका, चमक, मुंग्या, हे सगळे वेगवेगळे दुखण्याचे प्रकार आहेत. ठणका आणि मुंग्या ह्यातला फरक म्हणजे सूज का नस हा फरक असू शकतो, आणि दुभाषी सगळ्याला पेन म्हणून मोकळा होतो.

आणि सल्ल्याचं काय! तिकडच्या पुस्तकात कंबरेच्या पेशंटला सांगायला असतं, कामाच्या जागी खुर्चीची उंची बदला, मधेमधे उठा. बीडची ऊसतोडीची बाई, पहाटे फडात उतरते, दिवसभर वाकून कोयता चालवते, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. मोळी कमी उचल म्हणावं तर कोयत्याची, म्हणजे नवराबायकोच्या जोडीची, उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच मुकादमाकडून घेऊन खर्च झालेली असते, फेडायची कशातून? तिथं फिजिओनं काय सांगायचं हे मला अजूनही पूर्ण उमगलेलं नाही. मी फडात बसून एवढंच करते की रात्री पाठ कशावर टेकायची आणि सकाळी निघायच्या आधी पाच मिनिटं काय करायचं ते दाखवते.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे म्हणते. जो विद्यार्थी त्याच्या देशात सुपरवायझरशिवाय पेशंटला हात लावू शकत नाही, त्यानं इकडं येऊनही लावायचा नाही. गरीब देश म्हणजे प्रॅक्टिसचं मैदान नाही. आपलेच दवाखाने पाहुणी पोरं आली की कौतुकानं सगळं करू देतात, फोटो काढतात. आपल्या आजीचा खांदा तेवढाच नाजूक असतो हो.

टेस्टांचंही स्थळकाळ असतं. तिकडं म्हाताऱ्या माणसाचा तोल बघायला एक सोपी टेस्ट करतात, टाइम्ड अप अँड गो. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, किती सेकंद लागले ते बघायचं. मी परत आल्यावर उत्साहानं सुरू केली. एका आजीला ११ सेकंद, झकास. दोन आठवड्यांनी आजी घरात पडल्या. कारण आजी खुर्चीत बसतच नाहीत. त्या पाटावर बसतात, जमिनीवरून उठतात, तिथं पडल्या. आता मी खाली बसवून उठायलाही लावते, वेळ घेते, कशाला धरून उठल्या ते लिहिते. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास तयार झाला तोही ह्याच अडचणीतून, बाहेरचा पाय लावला की माणसाला उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, शेतात चिखलात जाता येत नव्हतं. तर तिकडून जे आणाल ते इथल्या जमिनीवर बसवून बघा.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्ट तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच काढा. नावाचा घोळ होतो, आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि पासपोर्टवर वेगळी रचना, तिकडचे लोक पहिला शब्द म्हणजे नाव समजतात. मला पहिला आठवडाभर सगळे आडनावानं हाक मारायचे आणि मला वाटायचं किती औपचारिक माणसं आहेत. कॉलेजची आणि युनिव्हर्सिटीची लेखी परवानगी, त्यात हे दिवस इंटर्नशिपमध्ये धरणार का नाही हे स्पष्ट लिहिलेलं. पोलीस क्लिअरन्स, ते पासपोर्टच्या वेबसाइटवरूनच अर्ज करून मिळतं. विमा दोन प्रकारचा, एक तुमच्या आजारपणाचा, दुसरा तुमच्या हातून पेशंटला काही झालं तर. दुसरा कुणाच्या लक्षातच नसतो.

पण सगळ्यात जास्त गाडी अडते ती लसींवर, त्यावर जरा थांबते. हॉस्पिटल हिपॅटायटिस बी चे तीन डोस मागतं, पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्याला तिसरा, आणि मग महिना दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटिबॉडी झाल्या का ते, निदान १० तरी याव्या लागतात. म्हणजे सातआठ महिने झाले. भाचीला चार महिन्यांत जायचं होतं आणि तिचा दुसरा डोसच कुठं नोंदलेला नव्हता. ताई म्हणते दिला होता, लहानपणी, आरोग्य केंद्रात. कार्ड? कार्ड घर बदलताना गेलं. अशा वेळी आधी अँटिबॉडी तपासून घ्यायची, आहेत तर प्रश्नच मिटला. गोवर आणि कांजिण्यांचंही असंच विचारतात.

मग टीबी. भारतातून आलेला विद्यार्थी म्हणलं की टीबीची तपासणी आलीच, जगात सगळ्यात जास्त टीबीचे पेशंट आपल्याकडं आहेत, त्यांचं काही चुकत नाही. मॅन्टू टेस्टमध्ये हाताच्या आतल्या बाजूला कातडीत औषध टोचतात आणि ४८ ते ७२ तासांत बघतात. आपल्याकडं जन्मल्यावर बीसीजी दिलेलं असतं, त्यामुळं काही जणांना गाठ येऊ शकते आणि टेस्ट पॉझिटिव्ह दिसते. पॉझिटिव्ह म्हणजे टीबी झाला असं नाही. भाचीला १४ मिलिमीटर आली आणि ताईनं देव पाण्यात घातले. पोरीला खोकला नाही ताप नाही, वजन उलट मेसचा भात खाऊन वाढलेलं. तर पुढं छातीचा एक्सरे काढायचा, आणि इग्रा म्हणून रक्ताची टेस्ट असते ती करायची, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. तिची इग्रा निगेटिव्ह आली, एक्सरे साफ. दोन्ही रिपोर्ट स्कॅन करून पाठवले, परवा तिकडून उत्तर आलं, ठीक आहे म्हणून. त्याच ईमेलमध्ये माझ्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर होतं : पहिला आठवडा फक्त बघायचं, नंतर पेशंटची परवानगी असेल तर एज्युकेटरसमोर हात लावता येईल. खाली नाव, नंबर. रजिस्टरवर टाकून बघितला, आहे. हे एजंटाकडून नाही, तिच्या कॉलेजच्या एक्स्चेंजमधून आलंय, आणि त्या एक्स्चेंजची नोटीस ऑफिसच्या बोर्डावर सहा महिने लागलेली होती.

आणि तुमच्यापैकी कुणाची मॅन्टू व्हायची असेल तर गुरुवारी टोचून घेऊ नका. ४८ तास शनिवारी भरतात, ७२ रविवारी, आणि शनिवारी दुपारनंतर वाचायला कुणी सापडत नाही. भाचीनं तसंच केलं होतं. रविवारी सकाळी सेलूच्या बसमध्ये बसून परभणीला आली, मी ओट्यावर तिचा हात ठेवून बॉलपेननं गाठीच्या कडा शोधल्या, लाली मोजायची नसते, फक्त टणक भाग, आणि तिच्याच कंपासमधल्या पट्टीनं मोजला. पण रिपोर्टवर सही फिजिओची चालत नाही म्हणे, तर सोमवारी सगळं परत पहिल्यापासून.